वळलेला हात

सासूचा राग येतो, कंटाळा येतो, कधी मायाही येते. पण हेवा? हिमबिंदूने ही गोष्ट आपल्या आईलासुद्धा सांगितली नव्हती. सांगायची तरी कशी? अत्तय्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखत, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, आणि मामय्या, म्हणजे सासरे, जाऊन त्यांच्या कपाळावर नुसती विभूती उरली होती. अशा बाईजवळ हेवा करण्यासारखं काय आहे गं, असं आईने विचारलं असतं आणि हिमबिंदूला सांगावं लागलं असतं की अम्मा, दुपार. त्यांच्याजवळ अख्खी दुपार आहे.

खरं तर अत्तय्या ती दुपार ज्यात घालवत, ते चित्रकलेचं शिक्षण हिमबिंदूनेच घरात आणलं होतं. नेल्लूरला माहेरी ती ‘बोम्मा काढणारी’, म्हणजे चित्रं काढणारी, मुलगी होती. संक्रांतीच्या दिवसांत गल्लीतल्या बायका तिला पहाटे उठवून आपल्या दारात रांगोळी काढायला नेत. पुढे कलेच्या कॉलेजात जायचं तिच्या मनात होतं, पण वडिलांनी बी. कॉम. करायला लावलं. मुलगी पाहायला आल्यावर भ्रमरांबा, म्हणजे अत्तय्या, तिच्या वह्या बघून म्हणाल्या होत्या, आमच्या तिरुपतीच्या घराला भिंती पुष्कळ आहेत, ये आणि काढ. त्या एका वाक्यावर हिमबिंदूने मुलाकडे नीटसं न पाहता होकार दिला, असं ती पुढे हसत सांगायची.

लग्नानंतर तिला मुक्त विद्यापीठाचा कलमकारीचा, म्हणजे कापडावर कलमेने चित्रं काढायचा, पदविका अभ्यासक्रम दिसला. पुस्तकं टपालाने, धडे फोनवर, केलेल्या कामाचे फोटो ग्रुपवर टाकायचे, आणि एकाआड एका रविवारी बसने काळहस्तीला जायचं. तिथे मुनिरत्नम मास्टर समोर बसवून शिकवणार. अत्तय्या नुकत्याच वीज कचेरीतून निवृत्त झाल्या होत्या. तरण्या मुलीने एकटीने बसने जायचं यायचं बरं नाही, मी येते सोबत, म्हणाल्या. मग म्हणाल्या, तिथे ओट्यावर बसून तरी काय करू, माझंही नाव घाल.

पहिलं वर्ष फार गोड गेलं. अत्तय्यांचे हत्ती तांदळाच्या पोत्यासारखे दिसत आणि मोर कोंबडीसारखे. हिमबिंदू त्यांच्या मागे उभी राहून, त्यांचं मनगट धरून रेघ कशी सोडायची ते दाखवी. वर्गातल्या बायका म्हणत, सून असावी तर अशी. त्या दिवसांत हिमबिंदूचं सासूवर फार प्रेम होतं.

मग साहिती झाली.

आईचं दूध, वरचं दूध, दुपटी, शेक, धुरी. हिमबिंदूची पुस्तकं फडताळात एकावर एक चढत गेली. बाळ झोपलं की ती लगबगीने कापड पसरी, बांबूची कलम शाईच्या काळ्या पाण्यात बुडवी, पहिली रेघ अर्ध्यावर आली की झोळीतून कुरकुर ऐकू येई. मग कलमेवर गुंडाळलेला लोकरीचा बोळा सुकून दगड होई. तिच्या सगळ्या वेलींना अर्धीच पानं होती.

अत्तय्या पोरीचं करत नव्हत्या असं नाही. सकाळची अंघोळ त्याच घालत, स्वयंपाक होईपर्यंत पोर त्यांच्याच कडेवर असे. पण दुपारचं पप्पू-अन्नम, वरणभात, जेवून हात पुसला की त्या म्हणत, “मी बसते गं जरा,” आणि पुढच्या खोलीचं दार लोटून घेत. ते दार उन्हं कलल्यावर उघडे. हिमबिंदू झोळीची दोरी ओढत त्या दाराकडे बघत राही. दारात काही नव्हतं, साधं सागवानी दार. पण एखाद्या सवतीकडे बघावं तसं ती त्याच्याकडे बघे.

अशाच एका दुपारी ग्रुपवर मुनिरत्नम मास्टरांचा आवाज आला. अत्तय्यांनी पाठवलेल्या मोराबद्दल ते बोलत होते. मास्टर कमी बोलणारे. बहुतेकांना ते अंगठा दाखवून मोकळे होत. यावेळी मात्र ते थांबून थांबून, तोंडातलं पान गालाशी सरकवून बोलले.

“भ्रमरांबागारू, हात वळलाय. हा शिकवून वळत नाही. आपला आपण वळतो. तुमचा वळलाय.”

काळहस्तीत हा शब्द सहजासहजी मिळत नाही. मास्टरांना स्वतःला तो त्यांच्या वडिलांकडून दाढीत पांढरा केस आल्यावर मिळाला होता, आणि तेही वडील आजारी असताना, असं ते वर्गात सांगत. हिमबिंदूने पहिल्या रविवारी तो शब्द ऐकला तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की हा आपल्याला हवा. बाकी पदविका मिळो न मिळो. हा माणूस एकदा आपल्या रेघेकडे बघून असं म्हणाला पाहिजे.

आणि तो शब्द शेजारच्या खोलीत जाऊन बसला होता.

तिने फोनचा आवाज बारीक करून, पोरीला पदराखाली घेऊन, ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं. मग ग्रुपवर सगळ्यांच्या आधी फुलं टाकली. इतकी टाकली की नंतर कुणाला त्यावर टाकायला काही उरलं नाही. त्याच ग्रुपवर तिच्या अर्ध्या वेलीखाली अंगठा होता.

फणींद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आईचा मोर आपल्या स्टेटसवर लावला. ऑफिसात सगळ्यांना दाखवला. रात्री जेवताना हिमबिंदू म्हणाली, तुमच्या स्टेटसवर आता बरीच जागा झालेली दिसते, आधी कधी नव्हती. तो म्हणाला, तू दे ना काही पूर्ण करून, लावतो. हे तो अगदी साधेपणाने म्हणाला. म्हणूनच जास्त लागलं.

त्यानंतर हिमबिंदू बारीकसारीक कुरापती काढू लागली. काळ्या रंगाचं मडकं, गंजकं लोखंड आणि गूळ कुजवत ठेवलेलं, मागच्या गॅलरीत असे. त्या वासाने पोरीला शिंका येतात म्हणून तिने ते गच्चीवर नेऊन ठेवलं. अत्तय्यांचे गुडघे तिला माहीत होते. अत्तय्या कठडा धरून वर गेल्या, वाटीभर पाणी घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, शिंका तुझ्या पावडरीने येतात, पण असू दे, तेवढाच मला व्यायाम. खोलीतला चांगला दिवा एकदा बाळाच्या उशापाशी गेला. वाळत घातलेल्या कापडावर एकदा दुपटी पडली. अत्तय्या दुपटी उचलून घडी घालत आणि काही बोलत नसत. त्या भांडल्या असत्या तर हिमबिंदूला जरा बरं वाटलं असतं.

शेवटच्या कामाची वेळ आली. आत्तापर्यंत मास्टर तयार केलेलं कापड देत. उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, द्यायचं मोठं कापड मात्र प्रत्येकाने कोऱ्यापासून स्वतः तयार करायचं होतं आणि त्यावर आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी काढायचं होतं. पुराणातलं काढलं तरी चालेल, पण आपलं पाहिजे, असं मास्टरांनी सांगितलं होतं. हिमबिंदूने लोणी खाणारा कृष्ण ठरवला. अत्तय्यांनी काय ठरवलं ते त्या बोलल्या नाहीत. एकदा पुढच्या खोलीत केर काढताना हिमबिंदूला त्यांचा कागदावरचा आराखडा दिसला.

तो वीजबिल भरायच्या खिडकीचा होता. आतून पाहिलेली खिडकी. देवळातल्या पडद्यांवर रामाची गोष्ट जशी पट्ट्यापट्ट्यांत सांगतात, तशा पट्ट्या आखल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीत एक अर्धगोल भोक आणि त्यातून आत आलेला एक हात. माणूस कुठेच नाही, नुसते हात. हळद लागलेला, मेंदीचा, अंगठा तुटलेला, बिलाबरोबर आवळ्याची फोड पुढे करणारा, बापाच्या हाताखालून घुसलेला पोराचा. जन्मभर त्या बाईने खिडकीतून आलेले हातच पाहिले होते.

हिमबिंदू केरसुणी घेऊन तशीच उभी राहिली. तिला आपला कृष्ण आठवला. तो सगळ्यांच्या कॅलेंडरांवर होता. मोर चांगला आला तर म्हणता येतं, वेळ मिळाला म्हणून आला. पण हे सुचायला दुपार लागत नाही. हे मला का नाही सुचलं, हा प्रश्न घेऊन तिने तोच केर दोनदा काढला.

पुस्तकात कापड तयार करायची कृती होती. हिरड्याची पूड पाण्यात कालवावी, त्यात दूध घालावं, कापड भिजवून चोळून उन्हात वाळवावं. दुधाने शाई पसरत नाही. हिमबिंदूने पोर झोपल्यावर रुमालाएवढ्या तुकड्यावर हे करून पाहिलं होतं. शाई पसरली. रेघ लगेच सुजून बोटाएवढी झाली. ग्रुपवर विचारायची लाज वाटली, म्हणून तिने मास्टरांना वेगळं विचारलं. त्यांचं उत्तर आलं, कुठलं दूध घेतलं अम्मा? पाकिटाचं नाही चालत, त्यात साय कुठे असते. म्हशीचं, धारेचं, न तापवलेलं.

पुस्तक लिहिणाऱ्याने हे लिहिलंच नव्हतं. काळहस्तीच्या रंगकाम करणाऱ्या घरांत दूध म्हटलं की म्हशीचंच. त्यात सांगायचं काय, असं त्याला वाटलं असणार. आणि तिरुपतीच्या या घरात, पोरीला पचायला हलकं म्हणून, म्हशीचं दूध बंद होऊन पातळ पाकीट सुरू झालं होतं.

हे अत्तय्यांना सांगायचं हिमबिंदूच्या मनात होतं. खरंच होतं. ती ताट वाढून बसलीसुद्धा त्याच विचाराने. तेवढ्यात अत्तय्या लोणच्याची फोड बाजूला करत म्हणाल्या, “तुझी वेल पाहिली काल. रेघ घाईत असते गं तुझी. जरा बसून काढ.”

प्रेमानेच म्हणाल्या. बसून काढ. जणू काही हिमबिंदूला कुणी बसू देत होतं.

तिसऱ्या प्रहरी अत्तय्यांनी मोरीत घंगाळ मांडलं. हिरड्याचं पिवळं पाणी झालं होतं. त्यांनी फ्रिजमधून पाकिटं काढली, कात्रीने कोपरे कापले आणि मान वळवून विचारलं, “एवढं घेतलं तर पोरीला पुरेल ना गं रात्री?”

हिमबिंदू झोळीची दोरी ओढत होती. तिने घंगाळाकडे पाहिलं, पाकिटांकडे पाहिलं.

“पुरेल,” ती म्हणाली.

विचारलेल्याचं उत्तर खरं होतं. दूध पुरलं, उरलंसुद्धा.

कापड वाळलं. साईसारखा रंग आला. चिंचेच्या कोळशाने अत्तय्यांनी त्यावर खिडक्या आणि हात उतरवून घेतले, त्यात काही दिवस गेले. मग एका दुपारी त्या गच्चीवरून काळं पाणी घेऊन आल्या आणि दार लोटलं. हिमबिंदू कान देऊन बसली. दार फार लवकर उघडलं. अत्तय्या मोरीत गेल्या, बराच वेळ हात धुतले, आणि कॉफी आहे का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्या दिवशी बसल्याच नाहीत.

हिमबिंदूने आत जाऊन पाहिलं. पहिल्या पट्टीतली बोटं भिजवलेल्या शेंगदाण्यांसारखी फुगली होती. बांगड्यांचा नुसता काळा पट्टा झाला होता. तिला वाटलं होतं, आता आपल्या जिवाला थंड वाटेल. वाटलंही थोडं. खोटं कशाला बोला.

पण अत्तय्यांनी दोष दुधाला दिला नाही. दूध त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी दोष दिला स्वतःच्या हाताला.

थंडीत कधीतरी त्यांच्या हातातली कॉफीची वाटी हलली होती. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त लक्षात ठेवलं होतं. आता त्या म्हणाल्या, जास्त दाब पडतो, मला कळतच नाही पडलेला. मास्टर भला माणूस आहे, म्हातारीचं मन राखायला दोन शब्द बोलला, आणि मी ते खरे धरून बसले. मग कापडाची गुंडाळी करून त्यांनी ती कोपऱ्यात उभी केली आणि हिमबिंदूला म्हणाल्या, उद्यापासून दुपारी पोर माझ्याकडे. दार लावून घे, निवांत बस. तुझं वय आहे.

अशी दुपार हिमबिंदूला मिळाली.

ती मागच्या वस्तीत जाऊन म्हशीच्या धारेचं दूध घेऊन आली, पदराआड. गच्चीवर एक मोठं कापड आणि एक लहान कापड भिजवलं आणि वाळवलं. लहान कापडावर सरावाला कृष्ण घेतला. रेघ काळीभोर, केसासारखी उमटली, जराही पसरली नाही. दार लावलेलं, पंखा चालू, कुणी हाक मारत नाही. तिने कोळशाने मडकं आखलं, लोणी आखलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला पुढे काय काढावं हेच सुचत नाही.

बाहेरून अत्तय्यांचा आवाज येई. पोरीला त्या कचेरीच्या आवाजात “पुढचा” असं म्हणत आणि पोर खिदळे. खिदळणं जमिनीच्या पातळीवरून येई. हे हिमबिंदूच्या पहिल्यांदा ध्यानात आलं नाही. मग एकदा साहिती रडली, खूप रडली, तरी अत्तय्या तिला थोपटतच राहिल्या. हिमबिंदूने दार उघडलं. अत्तय्या चटईवर बसल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीला धरून उभी राहत होती, हात वर करत होती, आणि त्या तिला उचलत नव्हत्या.

घ्या ना तिला, हिमबिंदू म्हणाली.

“नको,” अत्तय्या म्हणाल्या. “बसूनच सांभाळते. हाताचा भरवसा नाही गं माझ्या. टाकीन एखादे वेळी.”

त्या दिवसापासून हिमबिंदूला सगळं दिसू लागलं. अत्तय्या कॉफी दोन्ही हातांनी धरून पीत. गरम रसम वाढायला आता फणीला सांगत. पोरीची सकाळची अंघोळ त्यांनी कधी सोडून दिली, ते तिला आठवेना. पोरीला गेले कित्येक दिवस आपणच न्हाऊ घालतोय आणि दुपार मिळाल्याच्या नादात आपल्या लक्षातही आलं नाही. शनिवारी फणी म्हणाला, अम्माला डॉक्टरकडे नेतो, हात थरथरण्याचं काहीतरी असतं म्हणे या वयात. आणि मास्टरांना मी फोन करून कळवतो की ती पुढे करणार नाही, तिला स्वतःला सांगवत नाही.

हिमबिंदूने पुढच्या खोलीत जाऊन ती गुंडाळी सोडली. फुगलेल्या काळ्या रेघांखाली कोळशाची रेघ अजून होती. तिने खिडकीशी नेऊन पाहिली. मनगटावरून बोटापर्यंत एका दमात गेलेली रेघ. कुठे थरथर नाही, कुठे अडखळ नाही. अत्तय्यांनी एकदा नीट पाहिलं असतं तर त्यांनाही दिसलं असतं, पण त्यांना बघवलं नव्हतं.

रविवारी जेवणं झाली. साहिती झोळीत झोपली. फणी आतल्या खोलीत मॅच लावून आडवा झाला. हिमबिंदूने सकाळी मागच्या वस्तीतून आणलेल्या दुधाची बरणी काढली आणि चटईवर अत्तय्यांच्या पुढ्यात ठेवली.

अत्तय्यांनी झाकण काढलं. वास घेतला. “म्हशीचं? आपल्याकडे कुठून?”

“मी आणलं. कापडाला हेच लागतं अत्तय्या. पाकिटाच्या दुधाने रेघ सुजते.”

“कोण म्हणालं?”

“मास्टर. मी विचारलं होतं.”

“कधी?”

हिमबिंदूला पोरीच्या झोळीकडे बघावंसं वाटलं, पण तिने बघितलं नाही. “तुम्ही मला विचारलंत ना, पोरीला पुरेल का म्हणून. त्याच्या आधी.”

अत्तय्यांनी बरणीचं झाकण परत लावलं. आत मॅचमध्ये कुणीतरी बाद झालं असावं, गलका झाला. त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. तळवा पाहिला, उलटा करून पाहिला, बोटं पसरून तसाच अधांतरी ठेवला. हात हलला नाही.

“मी तिला उचलून घेत नव्हते,” त्या म्हणाल्या. हिमबिंदूला रडू फुटलं. तिने पदर तोंडाशी धरला, पण अत्तय्यांना तिच्या रडण्याशी काही देणंघेणं दिसलं नाही. त्यांनी विचारलं, “का पण?”

“ते तुमच्याबद्दल जे बोलले, ते मला हवं होतं.”

“एवढंच?”

“आणि ती खिडकी. ती मला सुचायला हवी होती.”

“बस की मग जन्मभर खिडकीत,” अत्तय्या म्हणाल्या. “सुचेल.”

त्या उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, कण्हत. हिमबिंदू हात द्यायला गेली तो त्यांनी घेतला नाही. फणीला सांगणार का, असं हिमबिंदूने खालच्या आवाजात विचारलं. घरातली गोष्ट आहे, त्या म्हणाल्या, त्याला काय कळणार त्यातलं. पण विसरणार नाही, हेही सांगून ठेवते. मग पुढच्या खोलीच्या दारात थांबून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, “तू वर भिजवलेलं मोठं कापड आहे ना, ते आण.”

“ते मी माझ्यासाठी—”

“माहीत आहे. आण.”

हिमबिंदूने ते आणलं. उन्हाने कडक झालेलं, साईच्या रंगाचं, चारही कोपरे सरळ. देताना तिचा जीव तुटला, आणि तुटला म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली. अत्तय्यांनी ते पसरलं, तळव्याने दाबलं, चोळलं, नाकाशी नेलं. मग जुन्या कापडाकडे न बघता कोळशाने पहिली खिडकी पुन्हा काढली आणि कलम बुडवली.

पहिल्या रेघेला दोघींनीही श्वास रोखून धरला. रेघ कापडाला टेकली, क्षणभर तांबूस दिसली, काळी झाली, आणि जिथे टेकली तिथेच राहिली. अत्तय्यांनी मान वर केली नाही. दुसरी रेघ काढली, तिसरी काढली. त्यांचे ओठ किंचित हलत होते.

हिमबिंदूला जा असं कुणी म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. तिने आपला लहान कृष्ण आणून समोरच्या कोपऱ्यात पसरला आणि बसली. एकाच खोलीत, एकाच वाटीतलं काळं पाणी घेऊन, दोघी पहिल्यांदाच अशा बसल्या होत्या. पहिल्या वर्षी सून उभी असे आणि सासू बसे. वाटीत दोन्ही कलमा एकदम आल्या की अत्तय्या थांबत नसत, हिमबिंदू थांबे.

झोळीतून कुरकुर आली. मग हुंदका, मग चांगला सूर लागला.

चालती रेघ मध्ये सोडता येत नाही. कलम उचलली की शाई तिथे साचते आणि डाग पडतो. अत्तय्यांची रेघ मनगटावर होती. हिमबिंदूची कृष्णाच्या खांद्यावर.

“तुझी मुलगी रडतेय,” अत्तय्या कापडाकडे बघत म्हणाल्या.

“तुमची नात,” हिमबिंदू कापडाकडे बघत म्हणाली.

सूर आणखी चढला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पण “फणी” आणि “अहो” या दोन हाका एकदमच निघाल्या, आणि एका पाठोपाठ एक आतल्या खोलीत गेल्या.

फणी दारात येऊन उभा राहिला. लुंगी सावरत त्याने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. मी घेऊ? असं त्याने विचारलं. अत्तय्यांनी चष्म्यावरून बघून सांगितलं की घरात दुसरं कुणी असेल तर त्याला घ्यायला सांग. तो झोळीपाशी गेला. बराच वेळ नुसतीच खुडबुड ऐकू आली. मग तो साहितीला घेऊन परत आला, छातीपासून हातभर लांब धरून, चुलीवरून उतरवलेलं भांडं कुठे ठेवू असं विचारत आल्यासारखा. पोरीने रडणं थांबवलं होतं. तिलाही हे नवीन होतं. दोघं एकमेकांकडे टकामका बघत होते.

हिमबिंदूची रेघ खांद्यावरून उतरून संपली होती. तिने वर पाहिलं. मग कापडावर फुंकर घालून कृष्णाच्या मडक्याचा कोळसा झटकला, खांद्याखालचा सगळाच झटकला.

“अहो, तसेच उभे राहा,” ती म्हणाली. “जवळ नका घेऊ तिला. इतक्यात.”

हात भरून येतील माझे, फणी म्हणाला. ती ऐकत नव्हती. कोळसा कापडावर चालू लागला होता. ताठ कोपर, अंगठे चुकीच्या जागी, आणि त्या दोन हातांत अधांतरी, रुबाबात बसलेलं पोर. ती घाईत नव्हती. घाई करायची तिला आठवणच राहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिला जाणवलं की समोरून कलमेचा आवाज येत नाहीये. तिने मान उचलली. अत्तय्या आपलं काम सोडून, मान पुढे काढून, हिमबिंदूच्या कापडाकडे बघत होत्या. हिमबिंदूने आपल्याला पाहिलंय हे कळताच त्यांनी चष्मा पुसायला घेतला. पण हिमबिंदूने पाहायचं ते पाहिलं होतं. ती नजर तिच्या चांगल्या ओळखीची होती.